चौदा नंबरचा तुकडा

सप्टेंबर लागला की आमच्या हॅडली गावाला वेड लागतं. बँकेचा मॅनेजर गॅलिस लावून हिंडतो, केस कापणारी बाई झालरीची टोपी घालून केस कापते, आणि मी शाळेची बस चालवते तर माझ्या बसच्या काचांवर पोरं कागदी घोडे चिकटवून जातात. ते घोडे नाताळपर्यंत खरवडत बसायचं काम माझं. निमित्त काय, तर १८९३ सालच्या सप्टेंबरात भर दुपारी बारा वाजता सरकारने बंदुकीचा बार काढला आणि हजारो माणसं घोड्यांवर, गाड्यांतून, पायी, जशी जमेल तशी सुसाट सुटली. ज्याने जिथे खुंटी ठोकून निशाण लावलं, ती जमीन त्याची. या प्रकाराला इकडे ‘धाव’ म्हणतात. दरवर्षी तिची मिरवणूक निघते, जेवणावळ होते आणि शेवटी मोकळ्यावर धाव पुन्हा धावून दाखवली जाते.

जमीन आधी कुणाची होती, हे मात्र त्या जेवणावळीत कुणी विचारत नाही. आमची होती. आम्ही चेरोकी, गोऱ्यांच्या आधीपासूनचे इथले लोक. सरकारने ती विकत घेतली असं पुस्तकात लिहिलंय. रस्त्यात एखाद्याचा हात पिरगाळून पाकीट काढून घ्यायचं आणि चार नाणी त्याच्या तळहातावर परत ठेवायची, याला विकत घेणं म्हणत असतील तर घेतली बुवा विकत.

आमच्या घरावर मात्र एक मेहेरबानी झाली. माझी पणजी अनिवेकी आणि तिचा नवरा त्या बाराच्या कितीतरी आधीपासून इथे ओढ्याकाठी राहत होते. अशी थोडी चेरोकी घरं इथे होती, त्यांना प्रत्येकी ऐंशी एकर ठेवू दिले. ते ऐंशी एकर आजही आमचे आहेत, आणि माझी ऑर्फा आत्या तिथे राहते. राहायची म्हणायला हवं, पण ते पुढे येईल.

तर गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये गार्लंड प्रुइट आत्याच्या ओसरीवर आला. हातात बायकोने केलेला पीचचा केक आणि डोक्यावर पणजोबांची हॅट. गार्लंड आमचा शेजारी, ओढ्यापलीकडचं कुरण त्याचं, आणि धावेच्या उत्सव समितीचा तो अध्यक्ष. शाळेत माझ्याच वर्गात होता. वाईट माणूस नाही, हीच तर पंचाईत आहे. वाईट असता तर एकदाच भांडून मोकळी झाले असते. हा गोड बोलतो, सगळ्यांच्या मयतीला येतो, आणि ज्या कामाला हो म्हणतो ते काम तिथेच राहतं.

ओसरीवर बसताना त्याला जरा सरकून बसावं लागलं, कारण ओसरीची एक बाजू चादर पांघरलेल्या दगडाने अडवली होती. त्या दगडाचं आधी सांगते. त्याच्या दोन वर्षं आधी आमचे वुड्रो आतोबा, म्हणजे आत्याचा नवरा, गेले. आमची थडगी ओढ्यापलीकडे टेकाडावर आहेत. अनिवेकी पणजीची दोन लेकरं तापाने गेली, तेव्हा तिने त्यांना तिथे पुरलं, उंचावर पाणी चढत नाही म्हणून. नंतर सरकारची मोजणी आली आणि हद्द ओढ्यावरून गेली, त्यामुळे टेकाड पडलं बाहेर. धाव झाली तेव्हा तिथे खुंटी ठोकली गार्लंडच्या पणजोबाने. पण वाट मोकळी राहिली. पुढे कुंपण आलं, फाटक आलं, तरी फाटकाला कुलूप कधी नव्हतं.

आतोबांच्या मयतीच्या दिवशी कुणीतरी फाटक उघडं टाकलं. कुणी, ते देवालाच ठाऊक. गार्लंडच्या कालवडी हमरस्त्यावर गेल्या आणि एक ट्रकखाली आली. दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप लागलं. त्यात काही गैर नाही असं मी तेव्हा स्वतःच म्हणाले होते. गार्लंड म्हणाला, कधीही या, फक्त एक फोन करा, मी येऊन उघडतो. मग काय, आत्या फोन करायची आणि तो वाजत राहायचा. गार्लंड शेतात असायचा, नाहीतर चर्चमध्ये, नाहीतर समितीच्या बैठकीत. आतोबांच्या थडग्याचा दगड कोरून आला तेव्हा दगडवाल्याचा ट्रक फाटकापाशी तासभर उभा राहिला आणि दगड आत्याच्या ओसरीवर उतरवून निघून गेला. तेव्हापासून तो तिथेच. आत्या सकाळी त्याच्या शेजारी कॉफी घेऊन बसायची आणि आतोबांना गव्हाचा भाव सांगायची.

आणि त्या दगडाच्या शेजारी बसून, केकचा तुकडा खात, गार्लंड म्हणाला की यंदा मिरवणुकीच्या पहिल्या गाडीत मानाने ऑर्फाकाकूंनीच बसावं. समितीने शोध घेतला होता. धावेच्या दिवसापासून आजवर एकाच घराच्या हातात सलग राहिलेली जमीन गावात एकच उरली होती, आणि ती आत्याची. खुद्द प्रुइटांनीसुद्धा धुळीच्या वादळांनी शेतं बुडाली त्या वर्षांत अर्धी विकली होती.

“गार्लंड, आम्ही धावलो नव्हतो,” मी म्हणाले. “आम्ही इथे होतोच. तुम्ही धावत आलात.”

“तेच तर सुंदर आहे, ट्वायला,” तो म्हणाला. “प्रत्येकाने आपापल्या परीने भाग घेतला.”

आता यावर काय बोलणार? घर लुटलं गेलं त्यात घरमालकानेही आपल्या परीने भाग घेतला, असं म्हणायचं का? मी तोंड उघडणार एवढ्यात आत्या म्हणाली, “बसेन की.”

माझ्या हातातला चमचा खाली पडला. गार्लंड इतका खूश झाला की त्याने दुसरा तुकडा घेतला. टोपी समिती देणार होती. जमल्यास काकूंनी चेरोकीतून प्रार्थना म्हणावी, असंही त्याने सुचवलं. आत्याने तेही मान्य केलं आणि मग फाटकाचं विचारलं. अरे हो, ते करूच की, गार्लंड म्हणाला, फक्त उत्सव होऊ दे. यंदा धाव जत्रेच्या मैदानात होणार नव्हती, ती होणार होती त्याच्या कुरणात, खऱ्या जमिनीवर. सुरुवातीची रेघ फाटकापाशीच होती. विम्याच्या लोकांची शंभर कलमं होती. उत्सव संपला की पहिलं काम तेच.

तो गेल्यावर मी आत्यावर बरसले. म्हटलं, वकील कर. थडग्यांवर जायला कुणी अडवू शकत नाही, तसा कायदा आहे. एक पत्र गेलं की कुलूप निघेल.

“चर्चमधल्या रविवारच्या शाळेत माझ्या मांडीवर मुतलेलं पोर आहे ते,” आत्या म्हणाली. “त्याला काय वकिलाचं पत्र पाठवू?”

“मग त्याच्या गाडीत बसून टोपी घालून मिरवणार?”

“टोपी चांगली असते. ऊन लागत नाही.”

आत्याशी वाद घालणं म्हणजे स्वतःचं डोकं पिकवून घेणं. एक्याऐंशी वर्षांची बाई, हट्टाने खुर्चीसकट जमिनीत रुजलेली. मी महिनाभर धुमसत राहिले. ती मात्र टोपीचं माप देऊन आली, समितीच्या बायकांबरोबर चहा पिऊन आली, आणि गार्लंड भेटेल तिथे त्याला धावेचे नियम विचारत बसली. त्याला तर काय, इतिहास म्हणजे जीव की प्राण. पहिला नियम, बार वाजेपर्यंत रेघेच्या आत कुणी यायचं नाही. दुसरा, आपल्या तुकड्यावर जो खुंटी ठोकून बसला त्याला सूर्य मावळेपर्यंत कुणीही उठवायचं नाही. हा दुसरा नियम गार्लंडने स्वतः घातलेला. मागे एकदा बक्षिसाच्या एका हॅमवरून, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसावरून, दोन मेव्हण्यांची मारामारी झाली होती. प्रत्येक तुकड्यावर गावातल्या दुकानदारांचं बक्षीस असतं, कुठे हॅम, कुठे फुकट हजामत. त्या वर्षी चौदा नंबरच्या तुकड्यावर चार नवे टायर होते.

आत्याने विचारलं, आणि बाराआधीच कुणी आत शिरलं तर? गार्लंड हसला. तशी माणसं खऱ्या धावेतही होती. रात्रीच गवतात लपून बसायची आणि घोडा लांबून पळत आल्यासारखा दिसावा म्हणून त्याला साबणाचा फेस फासायची. त्यांना तेव्हा ‘सूनर’ म्हणत, म्हणजे वेळेआधी घुसणारे, आणि ती शिवी होती. आज अख्खं राज्य तेच नाव अभिमानाने मिरवतं. गार्लंडच्या पिकअपच्या मागेही हातभर अक्षरांत तेच लिहिलेलं आहे. उत्सवात दोनचार जण मुद्दाम तशी सोंगं घेतात आणि लोक त्यांनाच सगळ्यात जास्त टाळ्या देतात, असं तो सांगत होता. आत्या मन लावून ऐकत होती. मला वाटलं म्हातारीला खरंच कौतुक वाटायला लागलंय. फार राग आला मला तिचा, खोटं कशाला बोलू.

उत्सवाच्या दिवशी उजाडताना तिचा फोन आला. म्हणाली, तुझी पिकअप आण, एमसला घेऊन ये, आणि त्याचं ते इंजिन उचलायचं यंत्रही घे. एमस माझा भाऊ, दिवसातून चार शब्द बोलतो. आम्ही गेलो तेव्हा आत्या टोपी घालून ओसरीवर उभी होती आणि दगडावरची चादर घडी घालून खुर्चीवर ठेवली होती.

“फाटक उघडलंय,” ती म्हणाली. “आज सगळ्या जगासाठी उघडलंय. चला.”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि महिनाभर मनात दिलेल्या शिव्या मी गुपचूप परत घेतल्या. बेत चांगला होता. सगळं गाव मिरवणुकीच्या तयारीत, फाटक उघडं. दगड बसवायचा आणि परत यायचं, मग आत्याला गाडीत नेऊन सोडायचं. समितीही खूश आणि आतोबाही.

आम्ही टेकाडावर पोचलो आणि मी पिकअपमधून उतरले ती तशीच उभी राहिले.

कुरणभर दोरी लावून चौकोन आखले होते. प्रत्येक चौकोनात एक पाटी आणि पाटीवर नंबर. गार्लंडने मोजणीसाठी जुन्या काळची लोखंडी साखळी कुठूनशी आणली होती, कारण त्याला सगळं अगदी तेव्हासारखं हवं होतं. तर अगदी तेव्हासारखंच झालं होतं. साखळी ओढ्यापासून निघाली आणि सरळ आमच्या थडग्यांवरून गेली. पणजीच्या लेकरांच्या डोक्याशी नुसते शेतातले दगड आहेत, नावं नाहीत. पाट्या लावणाऱ्यांना ते दगडच वाटले असणार. एका दगडाला त्यांनी दोरीची गाठ मारली होती. आणि वुड्रो आतोबांच्या पायथ्याशी, गवत अजून नीट न धरलेल्या मातीत, पाटी रोवलेली होती. चौदा. खाली टायरच्या दुकानाचं नाव.

एमस त्या दिवसातला पहिला शब्द बोलला. तो इथे लिहिण्यासारखा नाही.

मी पाटी उपटायला वाकले, तर आत्या म्हणाली, “राहू दे. ज्याने लावली तो काढेल. तुम्ही दगड बसवा.”

एमसने खड्डा घेतला, खडी भरली, यंत्राने दगड उभा केला, पाण्याच्या नळीने पातळी पाहिली. चांगला उभा राहिला दगड. आतोबांचं नाव, जन्म आणि मृत्यू. त्याखाली आत्याचं नाव, जन्म, आणि पुढे कोरी जागा. आत्याने पदर नव्हता म्हणून टोपीच्या झालरीने त्यावरची धूळ पुसली. मग म्हणाली, “माझी घडीची खुर्ची काढ.”

“आत्या, मिरवणूक दहाला आहे.”

“मला ठाऊक आहे. खुर्ची काढ.”

ती दगडाशेजारी बसली आणि बसूनच राहिली. मी समजावलं, मग चिडले, मग हात जोडले. बाराला बार होईल, घोडे येतील, गाड्या येतील, चार चाकांच्या त्या मोटारसायकली येतील, तुला तुडवतील. ती म्हणाली, मी नसले तर यांना तुडवतील. एमस पिकअपच्या मागच्या फळीवर जाऊन बसला आणि मी आत्याशेजारी उभी राहिले, दुसरं काय करणार.

दहा वाजून गेले आणि माझा फोन वाजायला लागला. गार्लंड. वाजून थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा. फोन म्हणजे काय असतं हे त्याला त्या दिवशी समजलं असावं. आत्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “शेतात असशील तू.” मी फोन खिशात टाकला.

वाट बघताना तिने मला ते पुन्हा सांगितलं जे मी लहानपणापासून ऐकलं होतं, पण नीट ऐकलं नव्हतं. धावेच्या दिवशी अनिवेकी पणजी सकाळपासून इथेच बसली होती, लेकरांच्या दगडांपाशी. तो सप्टेंबर असा तापला होता की माणसं उष्म्याने कोसळत होती. बार झाला, धुळीचा लोट उठला आणि माणसं आली. पणजी उठली नाही, म्हणून त्यांना वळून जावं लागलं. एक जण थांबला. त्याने थोडं पलीकडे खुंटी ठोकली आणि हातवारे करून पाणी मागितलं. तो प्रुइट. तिने बादली पुढे केली. एवढी गोष्ट गार्लंडही दरवर्षी जेवणावळीत सांगतो, की एका रेड इंडियन बाईने माझ्या पणजोबांचं पाणी देऊन स्वागत केलं. लोकांचे डोळे पाणावतात.

बार झाला. आताचा, समितीचा. जमीन हलत होती. खालून सगळं गाव किंकाळ्या फोडत वर येत होतं, घोडे, छपराच्या गाड्या, पायी पळणारी पोरंबाळं, सगळ्यांच्या हातात निशाणं. पुढचे घोडेस्वार आम्हाला बघून दचकले आणि दोन्ही बाजूंनी फाकून गेले. धूळ बसली तेव्हा गॅलिस लावलेला एक तरुण खुंटी हातात घेऊन समोर धापा टाकत उभा होता. शहरात दातांचा डॉक्टर आहे तो, पाहुणा म्हणून आलेला.

“आजी, तुम्ही खेळात आहात का?” त्याने विचारलं. “कारण टायर या तुकड्यावर आहेत.”

“टायर माझे,” आत्या म्हणाली.

त्याने आजूबाजूला बघितलं आणि विचारलं की थोडं पाणी मिळेल का. आत्या म्हणाली की या खेपेला तिने पाणी आणलेलं नाही. बिचाऱ्याला काही कळलं नाही. तोवर बरीच माणसं जमली होती. फोन वर धरून फोटो काढत होती. त्यांना वाटलं हा समितीचाच कार्यक्रम. कुणीतरी म्हणालं, वा, टोपीसुद्धा बरोबर त्या काळातली आहे. मला तर कुणाच्या तरी डोक्यात खुंटी घालावीशी वाटत होती.

गार्लंड घोड्यावरून आला. पणजोबांची हॅट घामाने भिजली होती.

“ऑर्फाकाकू, तुमच्यासाठी मिरवणूक खोळंबली. सगळं गाव उन्हात उभं होतं.”

“असेल.”

“बाराआधी रेघेच्या आत यायचं नसतं काकू. तुम्हाला नियम सांगितला होता मी.”

“तुझ्या पिकअपच्या मागे काय लिहिलंय रे?” आत्याने विचारलं.

लोक हसले आणि टाळ्या वाजल्या. गार्लंडने माझ्याकडे बघितलं, तूच सांग ना यांना, अशा नजरेने. म्हटलं, नियम तूच केलास, खुंटीपाशी बसलेल्या माणसाला सूर्य मावळेपर्यंत उठवायचं नाही. तो म्हणाला, पण खुंटी कुठे आहे? आत्याने टेकायची काठी उचलून दगडावर ठेवली.

तो घोड्यावरून उतरला आणि दगड वाचला. आतोबांचं नाव वाचलं, मग आत्याचं, मग कोरी जागा. मग त्याची नजर खाली पाटीवर गेली आणि तिथून दोरी बांधलेल्या त्या लहान दगडाकडे. त्याला ते दगड ठाऊक होते. लहानपणी आम्ही दोघं आतोबांबरोबर तिथलं गवत काढायला यायचो.

“मी पाट्या लावणाऱ्यांना सांगितलं होतं की टेकाडावर—” तो म्हणाला आणि थांबला. “नव्हतं सांगितलं. विसरलो मी.”

“मी फोन कशाला करत होते मग?” आत्या म्हणाली. “आठवण द्यायलाच.”

आता कुणी हसत नव्हतं. काही लोकांनी फोन खाली घेतले, काहींनी नाही घेतले. आत्याचा आवाज मुळात लहान, पण त्या दिवशी वारा पडला होता आणि सगळ्यांना ऐकू जात होतं.

“माझ्या आजीने तुझ्या पणजोबाला पाणी दिलं, हे तू दरवर्षी सांगतोस. पाणी दिल्यावर तिने काय मागितलं, ते सांगितलंस कधी?”

गार्लंडने लगाम एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

“तुला सांगितलंच नसेल कुणी. मला तिने स्वतः सांगितलंय, मी आठ वर्षांची होते. तिने या दगडांकडे बोट केलं आणि मग आपल्या घराकडे. एवढंच. वाट मागितली तिने. आणि तो हो म्हणाला, डोक्यावरची हीच हॅट काढून.”

गार्लंडने हॅट काढली. काढायची म्हणून काढली की हात आपोआप गेला, सांगता येत नाही. तो वाकला, चौदा नंबरची पाटी उपटली, त्या लहान दगडाची दोरी सोडली. गाठ घट्ट बसली होती, त्याला दातांनी ओढावी लागली. मग खिशातून किल्ली काढून त्याने आत्यापुढे धरली.

“किल्ली नको,” आत्या म्हणाली. “कुलूप काढ.”

“पण काकू, कालवडी,” तो म्हणाला.

तिथे माझा ताबा सुटला. म्हटलं, अरे माणसा, तुझ्या गोठ्यामागे लोखंडी नळ्यांची जाळी गंजत पडलीय, ती वाटेत खड्डा करून त्यावर टाक ना, तिच्यावरून गाड्या जातात आणि जनावरं पाऊल टाकत नाहीत, हे तुला मी सांगायचं?

“ती होय,” गार्लंड म्हणाला. “आहे की ती.”

दोन वर्षं. दोन वर्षं ओसरीवर दगड, आणि ‘आहे की ती’.

आत्या सूर्य मावळेपर्यंत उठली नाही. मी म्हटलं, आता झालं ना, चल, पण नियम म्हणजे नियम. लोक येऊन तिला केक देत होते, लिंबाचं सरबत देत होते, तिच्याबरोबर फोटो काढत होते. दातांच्या डॉक्टरने शेवटी स्वतःच कुठूनतरी पाणी आणून दिलं, ते मात्र तिने घेतलं. संध्याकाळी नगराध्यक्षाने तुकडे जिंकणाऱ्यांची नावं वाचली आणि चौदा नंबरला तिचं नाव घेतलं. टायरवाल्याने टायर खरोखर पाठवले. ते आता माझ्या पिकअपला आहेत.

पुढच्या शनिवारी गार्लंडने आणि एमसने मिळून जाळी बसवली. फाटक बिजागरीवरून काढून कुंपणाला टेकवून ठेवलं. आत्या वाटेल तेव्हा जायची. टोपी तिने ठेवून घेतली होती, टोमॅटो तोडायलासुद्धा ती घालूनच जायची. फेब्रुवारीत, एका सकाळी कॉफी घेऊन ओसरीवर बसलेली असतानाच गेली. मयतीची गाडी त्या नळ्यांवरून खडखडत वर गेली आणि कुणालाही फोन करावा लागला नाही. दगडवाल्याने कोरी जागा तिथेच येऊन भरली.

एवढ्यावर हे संपायला हवं होतं. पण आमचं गाव कशाचाही उत्सव करतं. यंदा ऑगस्टमध्ये समितीचं पत्रक आलं. मिरवणूक, जेवणावळ, आणि मग, धावेच्या वेळी, ‘ऑर्फाची खुर्ची’. टेकाडावर एका खुर्चीत टोपी घातलेली एक बाई बसणार आणि सगळे धावणारे तिला वळसा घालून जाणार. बँक मॅनेजरची बायको बसायला तयार होती. पहिला मान अर्थात माझा, असं खाली लिहिलं होतं. मी ते पत्रक फाडलं, मग चिकटवलं, मग पुन्हा फाडलं. नाही म्हटलं तर आत्याच्या शेजारी ती बाई बसणार. हो म्हटलं तर मी यांच्या खेळातली. ज्या कुणी ही युक्ती काढली असेल त्याचं वाटोळं होवो.

मी बसले. टोपी न घालता बसले, बसचा गणवेश घालून, आत्याच्या आणि आतोबांच्या मधोमध, घडीच्या त्याच खुर्चीवर. पाण्याची बादली ठेवली नाही. बाराला अजून वेळ होता आणि खाली रेघेपाशी गर्दी जमत होती.

फोन वाजला. गार्लंड.

मी खाली बघितलं. तो जाळीच्या पलीकडे, वाटेच्या तोंडाशी उभा होता, एका हातात हॅट, दुसऱ्या हातात कानाला धरलेला फोन. बगलेत सूर्यफुलं होती. तिथे ना फाटक होतं, ना कुलूप. जमीन त्याचीच होती. तरी तो उभा होता, मी उचलायची वाट बघत.

मी फोन वाजू दिला. वाजून थांबला. त्याने पुन्हा लावला, तोही वाजू दिला. आत्या त्या ओसरीवर फोन कानाला लावून किती वेळ बसायची, तेवढा वेळ होईपर्यंत मी तो वाजू दिला, आणि मग हात वर करून त्याला म्हटलं, ये.